नकार नीट देता आला पाहिजे

लालबागच्या एका गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात सकाळी पावणेआठलाच बसायला जागा उरली नव्हती. कोकणात गणपतीला ज्या दिवशी निघायचं, त्याच्या ६० दिवस आधीची ती सकाळ. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आठच्या ठोक्याला उघडतं. घरच्या इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून ही मंडळी इथे जमली होती. दुकानदार कुणाचं तिकीट काढून देत नव्हता. त्याचं वायफाय चांगलं आहे, आणि कुणाचं अडलं तर तो उठून येऊन सांगतो, एवढंच. प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाइल आणि मांडीवर कागदाचा चिटोरा, त्यावर घरच्यांची नावं आणि वयं. गिरणीतून निवृत्त झालेले एक काका, बेस्टमधला एक वाहक, मावशीला घेऊन आलेली कॉलेजातली मुलगी.

आठ वाजले. पडद्यावरचं चक्र फिरू लागलं. कॅप्चातली वेडीवाकडी अक्षरं कुणीतरी मोठ्याने वाचत होतं. "गावला काय?" कोपऱ्यातल्या काकांनी विचारलं. "वेटिंग," शेजारचा म्हणाला. काही मिनिटांत सगळं आटोपलं. वाहकाला चारही बर्थ मिळाले. मावशीच्या खात्यातून पैसे गेले आणि तिकीट आलं नाही. काकांच्या तिकिटावर इंग्रजी अक्षरांचा एक झुबका आणि पुढे आकडा उमटला. त्याचा अर्थ दुकानात कुणालाच नीट सांगता येईना.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'वाट' हा विषय दिला, तेव्हा मला ही गर्दी आठवली. गावी जायची वाट आता आधी मोबाइलच्या पडद्यावरून जाते. रेल्वेच्या आरक्षित तिकिटांपैकी ८० टक्क्यांहून अधिक तिकिटं आज ऑनलाइन निघतात. म्हणून दुकानं, आरक्षण केंद्रं आणि एसटीचे डेपो हिंडत, ही यंत्रणा बांधणाऱ्यांशी आणि वापरणाऱ्यांशी बोलत राहिलो. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. जागा शिल्लक असताना तिकीट देणं कोणत्याही यंत्रणेला जमतं. जागा नसते, पैसे अडकतात, बेत बदलतो, तेव्हा ती माणसाशी कशी वागते, यावर तिची पारख व्हायला हवी. कोकण रेल्वेचा मार्ग अजून बहुतांश एकेरी आहे, आणि कितीही चांगलं संकेतस्थळ नवा डबा जोडू शकत नाही. पण नकार वेळेवर, समजेल असा आणि पुढची वाट दाखवणारा असावा, हे पूर्णपणे ती बांधणाऱ्याच्या हातात असतं.

एका बर्थचे अनेक तुकडे

काकांच्या तिकिटावरच्या अक्षरांचा उलगडा मला आरक्षण खिडकीवर उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या एका कर्मचाऱ्याने केला. विमानाची किंवा नाटकाची खुर्ची एकदा विकली की विकली. रेल्वेचा बर्थ तसा नसतो. मुंबईहून मडगावला जाणाऱ्या गाडीतला एकच बर्थ चिपळूणपर्यंत एकाचा, रत्नागिरीपासून दुसऱ्याचा असू शकतो. त्यामुळे "या गाडीत जागा आहे का?" या प्रश्नाला एक उत्तर नसतं. स्टेशनांच्या जितक्या जोड्या, तितकी उत्तरं.

त्यात कोटा आला. गाडीतले बरेचसे बर्थ संपूर्ण प्रवास करणाऱ्यांसाठी राखलेले असतात, काही मधल्या मोठ्या स्टेशनांना दिलेले असतात, काही अधल्यामधल्या प्रवासासाठी एकत्र ठेवलेले असतात. शिवाय महिला, ज्येष्ठ, दिव्यांग आणि तत्काळ यांचे कोटे वेगळे. प्रतीक्षायादीही एकच नसते, ती कोट्यानुसार बदलते. 'जीएनडब्ल्यूएल' म्हणजे सर्वसाधारण यादी, आणि ती सगळ्यांत जास्त हलते, कारण त्या कोट्यात बर्थ जास्त आणि म्हणून रद्द होणारी तिकिटंही जास्त. 'आरएलडब्ल्यूएल' ही मधल्या मोठ्या स्टेशनांची आणि 'पीक्यूडब्ल्यूएल' ही एकत्रित कोट्याची यादी. या दोन्ही छोट्या असतात आणि हळू सरकतात. म्हणूनच एकाच गाडीत एकाचा चाळिसावा नंबर पक्का होतो आणि दुसऱ्याचा बारावा तसाच राहतो. काकांचा नंबर अशाच एका छोट्या यादीतला होता. त्यांना फक्त आकडा दिसला होता आणि आकडा लहान होता, म्हणून ते निर्धास्त होते.

इथे यंत्रणेला सगळं माहीत असतं. कोणत्या यादीत किती बर्थ आहेत, मागच्या वर्षी याच गाडीत ही यादी कुठवर सरकली होती, हे सारं तिच्या पोटात असतं. तिकीट पक्कं होण्याची शक्यता दाखवायला रेल्वेच्या संकेतस्थळाने २०१८ मध्ये सुरुवात केली. त्याआधीपासून काही खासगी अ‍ॅप हा अंदाज देतच होती. ही माहिती पैसे भरण्याआधी, पूर्ण वाक्यात आणि प्रवाशाच्या भाषेत समोर यायला हवी: "तुमचा नंबर लहान कोट्यातला आहे. तो पक्का होण्याची शक्यता कमी आहे. अमुक गाडीत जागा आहे, ती पाहाल का?" एवढं वाक्य काकांना त्या सकाळीच दुसऱ्या गाडीकडे वळवू शकलं असतं.

दुकानातल्या जाणत्यांकडे याच कोट्यांवरची एक युक्ती आहे. कणकवलीला जागा मिळत नसेल तर मडगावपर्यंतचं तिकीट काढायचं आणि कणकवलीला उतरायचं. किंवा आधीच्या स्टेशनापासून तिकीट काढायचं आणि चढायचं स्टेशन बदलून घ्यायचं. थोडे पैसे जास्त जातात, पण बर्थ मिळतो. ज्याला हे ठाऊक आहे तो झोपून गावी पोचतो, ज्याला ठाऊक नाही तो दाराशी बसून. जी जागा यंत्रणेत आहे ती यंत्रणेनेच दाखवावी. ती मिळवायला कुणाच्या ओळखीचा जाणकार लागू नये.

पैसे गेले, तिकीट नाही

मावशीच्या खात्यातून गेलेल्या पैशांमागे कुणाची लबाडी नव्हती. तो रचनेतल्या एका निवडीचा परिणाम होता.

खासगी बसचं तिकीट काढताना आपण खुर्ची निवडली की ती काही मिनिटं आपल्या नावाने अडवून ठेवली जाते. तेवढ्यात पैसे भरले तर ती आपली, नाही तर पुन्हा सगळ्यांना खुली. रेल्वेत तसं होत नाही. प्रवासी आधी पैसे भरतो, मग त्याची मागणी मुख्य आरक्षण यंत्रणेकडे जाते आणि त्या क्षणी जे शिल्लक असेल ते त्याच्या नावावर चढतं. पडद्यावर दिसलेले ११ बर्थ बँकेचा ओटीपी येईपर्यंत संपलेले असू शकतात.

यामागे कारण आहे. लाखो माणसं एकाच मिनिटात तुटून पडतात, तिथे प्रत्येकासाठी दहा मिनिटं बर्थ अडवला, तर पैसे न भरणाऱ्यांच्या नावावर अख्खी गाडी अडकून पडेल. खोट्या मागण्या टाकून बर्थ दाबून ठेवणाऱ्यांना तर ते आमंत्रणच ठरेल. म्हणून रेल्वेची निवड मला चुकीची वाटत नाही. पण तिची किंमत प्रवासी मोजतो आणि ती कमी करणं शक्य आहे. रेल्वेच्या 'ई-वॉलेट'मध्ये आधीच पैसे ठेवले तर बँकेचा वळसा वाचतो. यूपीआयमध्ये 'ऑटोपे'ची सोय आहे. त्यात पैसे खात्यातच अडवून ठेवले जातात आणि तिकीट निघालं तरच कापले जातात. तिकीट न निघाल्यास पैसे परत येण्याची वाट पाहत बसावं लागत नाही. या सोयी आहेत, पण दुकानातल्या फार थोड्यांना त्या ठाऊक होत्या. पैसे भरण्याच्या पानावर बँकांच्या चिन्हांच्या दाटीत त्या हरवून जातात.

एक वाखाणण्यासारखी गोष्टही तिथे दिसली. रेल्वेच्या पानावर गाडीच्या नावाखाली उपलब्ध जागांचा आकडा दिसतो, तेव्हा तो किती वेळापूर्वीचा आहे हेही लिहिलेलं असतं आणि ताजा आकडा मागण्याची सोय असते. मला ही नोंद फार मोलाची वाटते. "ही माहिती थोडी जुनी आहे" हे यंत्रणेने स्वतः कबूल केलं की प्रवासी तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

पहिल्या मिनिटाची शर्यत

संगणकावरचं रेल्वे आरक्षण आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सुरू झालं. ते सांभाळणारी 'क्रिस' ही संस्था १९८६ मध्ये उभी राहिली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं १९९९ मध्ये एकमेकांना जोडली गेली, आणि कोणत्याही खिडकीवरून कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकीटविक्री सुरू केली तेव्हा छापील तिकीट कुरियरने घरी यायचं. घरबसल्या छापता येणारं ई-तिकीट आलं ते २००५ मध्ये. आजही मुख्य यंत्रणा रोज रात्री पावणेबारा ते बारा वीसपर्यंत देखभालीसाठी थांबते.

या यंत्रणेवरचा भार दिवसभर सारखा नसतो. तो आठ, दहा आणि अकरा या तीन ठोक्यांवर उसळतो. आठला आगाऊ आरक्षण, दहाला वातानुकूलित डब्यांचं तत्काळ, अकराला बाकीचं तत्काळ. २०१४ मध्ये नवी प्रणाली आली तेव्हा तिची क्षमता मिनिटाला ७,२०० तिकिटांची होती. २२ मे २०२५ रोजी सकाळी दहाच्या पहिल्या मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली. पुढचं लक्ष्य मिनिटाला दीड लाखाहून अधिक तिकिटांचं आहे, असं रेल्वेने जाहीर केलेलं आहे.

पण क्षमता वाढवून न्याय वाढतोच असं नाही. तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगइनच्या एकूण प्रयत्नांपैकी जवळजवळ निम्मे प्रयत्न माणसांचे नसून स्वयंचलित प्रोग्रॅमचे असतात, असं रेल्वेनेच सांगितलं. त्यावर उपाय म्हणून १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट फक्त आधारशी पडताळलेल्या खात्यावरून मिळू लागलं आणि एजंटांना पहिला अर्धा तास बंद झाला. १ ऑक्टोबरपासून सर्वसाधारण आरक्षणाची पहिली १५ मिनिटंही अशा खात्यांसाठी राखली गेली. हे आवश्यक होतं. त्याच वेळी दुकानातल्या एका आजींचं आधार त्यांच्या जुन्या, बंद पडलेल्या मोबाइल नंबरशी जोडलेलं होतं. ओटीपी कुठे जातो हे त्यांना कळत नव्हतं. दलालासाठी उभारलेली भिंत त्यांनाही अडवत होती, आणि त्यांना पलीकडे नेणारं दार त्या पानावर नव्हतं.

माझा प्रश्न याहून मुळाशी जातो. सणाच्या गाड्यांचे बर्थ सेकंदांच्या शर्यतीने का वाटायचे? ज्याचं इंटरनेट वेगवान, बोटं चपळ आणि कामाची वेळ सवडीची, त्यालाच गावचा गणपती का दिसावा? आठ वाजता पहिल्या पाळीवर यंत्रासमोर उभा असलेला कामगार आणि दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटणारी बाई या शर्यतीत उतरतच नाहीत.

मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पट असते तिथे आपल्याकडे दुसरी रीत रुळलेली आहे. म्हाडाची घरं सोडतीने मिळतात. हज समितीच्या जागा सोडतीने ठरतात. परराष्ट्र मंत्रालय कैलास-मानसरोवर यात्रेचे यात्रेकरू संगणकीय सोडतीने निवडतं. गणपती विशेष गाड्यांसाठी हे का करू नये? दोन-तीन दिवस अर्ज खुले ठेवावेत. कुटुंबाने मिळून एक अर्ज करावा, त्यात पसंतीच्या दोन-तीन तारखा आणि गाड्या द्याव्यात, मग एकदाच सोडत काढावी. पहिल्या मिनिटाचा भार जाईल, स्वयंचलित प्रोग्रॅमला वेगाचा फायदा उरणार नाही, आणि नकार आला तरी तो सगळ्यांना सारख्या संधीनंतर आलेला असेल. आधी एखाद-दुसऱ्या गाडीवर हे करून पाहावं.

एसटीच्या डेपोतली वही

याच सुमारास एसटीच्या डेपोत गेलं की वेगळं चित्र दिसतं. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांचे चिटणीस तिथे वह्या घेऊन येतात. वहीत वाडीतल्या घरांची यादी. कुणाकडून किती माणसं, त्यात बायका किती, पंच्याहत्तरीपुढचे किती. पुरेशी माणसं जमली की अख्खी गाडी मंडळाच्या नावावर होते. ती मुंबईतल्या ठरलेल्या नाक्यावरून सुटते आणि तालुक्याच्या स्थानकात न थांबता थेट वाडीच्या वाटेला लागते. अलीकडच्या वर्षांत गणपतीसाठी एसटी सुमारे ५ हजार जादा गाड्या सोडते, आणि त्यात या गट आरक्षणाचा वाटा मोठा असतो.

परळच्या एका मंडळाचे चिटणीस मला म्हणाले, "नावं शेवटपर्यंत बदलतात हो. कुणाला रजा मिळत नाही, कुणाची सून अडते. पण आम्ही गाडी घेतलीय, माणसं आम्ही बघतो." मला यात लवचीकतेचा मोठा धडा दिसतो. एसटीने माणसाऐवजी गाडी आरक्षित केली, आणि बदलाची जबाबदारी ज्याला बदल आधी कळतो त्याच्यावर सोपवली. प्रत्येक रद्द नावासाठी अर्ज नाही, परतावा नाही, नवं तिकीट नाही. मंडळाच्या वहीत एक नाव खोडलं जातं आणि दुसरं लिहिलं जातं.

मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. गट आरक्षणातही या सवलती लागू केल्या गेल्या. म्हणजे गाडी एकत्र घेतली तरी भाड्याचा हिशेब माणसागणिक होतो. वहीतलं हे शहाणपण मोबाइलवर आणणं अवघड नाही. गटाच्या नावाने गाडी, गटप्रमुखाच्या हातात बदलती यादी, सवलतीचा हिशेब आपोआप, आणि प्रत्येक प्रवाशाला त्याच्या मोबाइलवर जागेचा निरोप. गावी एकत्र जाणाऱ्या माणसांसाठी बांधलेली यंत्रणा अशी असते. आज बहुतेक संकेतस्थळांच्या डोळ्यांसमोर एकटा प्रवासी असतो, हातात कार्ड आणि समोर लॅपटॉप असलेला.

खासगी बसच्या ऑनलाइन तिकिटांची आपल्याकडची एक गाजलेली सुरुवातही सणाच्या अडचणीतून झाली. २००५ च्या दिवाळीत बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या फणींद्र सामा यांना घरी जायला बसचं तिकीट मिळेना. या एजंटाकडून त्या एजंटाकडे हिंडताना त्यांना कळलं की कोणत्या बसमध्ये किती जागा उरल्यात हे कुणालाच एका ठिकाणी दिसत नाही. दोन मित्रांसोबत त्यांनी २००६ मध्ये 'रेडबस' उभी केली. पुढे त्यांनी बसमालकांसाठीही आसनांचा हिशेब ठेवणारी संगणक प्रणाली तयार केली. त्यांनी आधी अडचण नेमकी ओळखली होती. बसमध्ये जागा असायची, पण शिल्लक किती ते मालकाच्या टेबलावरच्या तक्त्यातच राहायचं.

बेत बदलतो तेव्हा

आपले प्रवास एकट्याने क्वचितच ठरतात. त्यात आजारपण असतं, परीक्षा असते, साहेबाची मर्जी असते. ठरवलेला बेत बदलणं हा नेहमीचा भाग आहे, असं धरूनच यंत्रणा बांधली पाहिजे.

रेल्वेच्या नियमांत या समजुतीच्या जुन्या खुणा आहेत. चढायचं स्टेशन बदलता येतं. सहा जणांच्या तिकिटातून एकाचंच नाव रद्द करता येतं. पक्कं तिकीट आई-वडील, भावंडं, मुलं किंवा पती-पत्नी यांच्यापैकी कुणाच्या तरी नावावर गाडीच्या २४ तास आधी करता येतं. लग्नाच्या वऱ्हाडासाठी नाव बदलण्याचा वेगळा नियम आहे. हे नियम कुणीतरी माणसांचा संसार पाहून लिहिलेले आहेत. पण स्टेशन बदलणं आणि नाव रद्द करणं मोबाइलवर होतं, तर नाव बदलण्यासाठी तिकिटाची प्रत आणि ओळखपत्र घेऊन आरक्षण कार्यालयात जावं लागतं. तिकीट घरबसल्या निघतं आणि ते धाकट्या भावाच्या नावावर करायला अर्धा दिवस रजा काढावी लागते. विक्रीची बाजू जेवढी सोपी झाली, तेवढी बदलाची झाली नाही.

विमानप्रवासात या बाबतीत नियमाने हात घातला. २०१९ च्या प्रवासी हक्कांच्या सनदेनुसार विमानाचं तिकीट काढल्यापासून २४ तासांत ते विनाशुल्क रद्द किंवा बदलता येऊ लागलं, मात्र उड्डाणाला किमान सात दिवस अवकाश हवा होता. नावातली चूकही त्या अवधीत विनाशुल्क सुधारून मिळू लागली. घाईत तारीख चुकलेल्या माणसाला श्वास घ्यायला वेळ मिळतो, आणि कंपनीकडे ती जागा पुन्हा विकायला भरपूर वेळ उरतो. रेल्वेला असा अवधी सर्वत्र देता येणार नाही, कारण गर्दीच्या दिवशी तो दलालांच्या उपयोगाचा ठरेल. पण तिकीट काढल्यावर पहिल्या तासाभरात वय, लिंग किंवा नावातलं एखादं अक्षर सुधारायची सोय कुणाचंच नुकसान करणार नाही.

नकाराच्या वेळेबद्दलही रेल्वेने एक चांगलं पाऊल टाकलं. अंतिम यादी, म्हणजे चार्ट, पूर्वी गाडीच्या चार तास आधी लागायचा. जुलै २०२५ पासून तो आठ तास आधी लावायला सुरुवात झाली. मुरबाडहून किंवा वाड्याहून निघून रात्रीची गाडी पकडणाऱ्याला पूर्वी अर्ध्या वाटेत कळायचं की तिकीट पक्कं झालेलं नाही. आता ते घरातून निघण्याआधी कळतं आणि एसटीची चौकशी करायला वेळ राहतो. प्रतीक्षायादीतलं ई-तिकीट चार्टनंतर आपोआप रद्द होतं आणि शुल्क वजा होऊन पैसे परत येतात. तो निरोप येतो त्याच निरोपात दुसऱ्या गाडीतली जागा सुचवली तर नकारासोबत वाटही हाती येईल. त्यासाठी 'विकल्प' नावाची योजना २०१५ पासून आहे, पण ती आधीच निवडून ठेवावी लागते. तेव्हा आपला नंबर पक्का होणारच, अशी प्रत्येकाला आशा असते.

फॉर्ममध्ये मावणारी माणसं

दादरच्या एका बँकेतले दृष्टिहीन अधिकारी मला आपला मोबाइल ऐकवत होते. पडदा वाचून दाखवणारा आवाज इतका वेगात होता की मला एक शब्द कळेना. त्यांना सगळं कळत होतं. एका खासगी संकेतस्थळावर बसच्या आसनांचं चित्र आलं आणि आवाज फक्त "बटण, बटण, बटण" म्हणत राहिला. कोणती खुर्ची खिडकीची, कोणती भरलेली, काहीच नाही. "रंग बघून माणसं निवडतात," ते म्हणाले, "मला कुणीतरी नाव लिहून ठेवायला हवं होतं." प्रत्येक खुर्चीमागे "१४ क्रमांक, खिडकी, रिकामी" एवढे शब्द जोडायला प्रोग्रॅमरला फार वेळ लागत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट केलं. तरी हे शब्द अजून सगळीकडे जोडलेले नाहीत.

भाषेचंही तसंच. रेल्वेच्या आरक्षणाचं संकेतस्थळ इंग्रजीत आणि हिंदीत आहे. कणकवलीच्या स्थानकावरची पाटी मराठीत आहे, उद्घोषणा मराठीत होते, पण तिथलं आरक्षित तिकीट या संकेतस्थळावर मराठीतून काढता येत नाही. नुसते शब्द भाषांतरित करून हे भागणार नाही. शोधाच्या चौकटीत "कणकवली" असं मराठीत लिहिलं तरी स्टेशन सापडलं पाहिजे, इंग्रजी स्पेलिंग चुकलं तरी सापडलं पाहिजे, आणि आजोबांनी "व्हीटी" म्हटलं तरी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस उघडलं पाहिजे. नावं बदलतात. माणसांच्या तोंडची सवय बदलायला पिढी जाते, आणि तोवर दोन्ही नावं ओळखणं यंत्रणेला सहज शक्य आहे.

आता एका वाईट चालीबद्दल. काही संकेतस्थळं प्रवाशाच्या घाईचा फायदा घेतात. "फक्त दोन जागा शिल्लक" असं खोटंच लिहायचं. विम्याच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवायची. शुल्क शेवटच्या पानावर उगवायचं. विमा नको म्हणणाऱ्याला "मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही" अशा अर्थाचं बटण दाबायला लावायचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रीतींची यादी करून त्यांना मनाई केली. यादीत खोटी घाई आहे, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं आहे आणि तुकड्यातुकड्याने किंमत सांगणंही आहे. प्रवाशांनी ही यादी जाणून घ्यावी आणि असं काही दिसलं की राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी. तिकीट काढणारा माणूस बहुधा दुसऱ्या कुणासाठी तरी, आईसाठी किंवा मुलासाठी, धडपडत असतो. त्या धडपडीवर कमाई करणं अनीतीचं आहे.

मागायचं काय

प्रवासी संघटना दर वर्षी जादा गाड्या मागतात, दुहेरी मार्ग मागतात. ते मागितलंच पाहिजे. त्या निवेदनांत आता तिकिटाच्या यंत्रणेबद्दलची कलमंही असावीत, कारण ती पूर्ण करायला जमीन लागत नाही, बोगदा खणावा लागत नाही. तिकीट पक्कं होण्याची शक्यता पैसे भरण्याआधी मराठीत सांगा. गाडीत दुसऱ्या कोट्यात जागा असेल तर ती स्वतःहून दाखवा. तिकीट निघालं तरच पैसे कापणारी सोय सगळ्यांत वर ठेवा. घरातल्याच्या नावावर तिकीट करायला मोबाइलवर जागा द्या. ओटीपी न येणाऱ्या आजींसाठी जवळच्या खिडकीचा पत्ता आणि वेळ त्याच पानावर लिहा. सणाच्या काही गाड्यांसाठी सोडत करून पाहा, आणि तिचे निकाल सगळ्यांना तपासता येतील असे मांडा.

यातली एकही गोष्ट गाडीतला एक बर्थ वाढवत नाही. तेवढ्याच बर्थांसाठी धडपडणाऱ्या माणसांना कमी ताटकळवणं, कमी फसवणं आणि लवकर दुसऱ्या वाटेला लावणं मात्र यातून साधतं. ही यंत्रणा सार्वजनिक पैशातून आणि रोजच्या लाखो तिकिटांमधून उभी आहे. "जागा नाही" एवढं सांगून तिचं काम संपत नाही. कुठे आहे, कधी मिळेल, मिळणार नसेल तर आता काय करायचं, हे सांगेपर्यंत तिने प्रवाशाला सोडू नये.